मोहाखालचा धूर
लातुरात आमच्या कॉलनीत कुणी पालापाचोळा पेटवला की मला किनवटच्या डोंगरातली ती दरी आठवते. मी तिथं शाळेवर नवीन होते. एका सकाळी उतारावर जागोजाग धूर दिसला, आणि माझ्या वर्गातली पोरं तिथंच मोहफुलं वेचायला गेलेली. जंगल पेटलं समजून मी धापा टाकत वर पोचले. एक म्हातारी हसली, "बाई, खाली पडतील ती फुलं दिसावी म्हून झाडाखालचा पाला जाळून राहिलो. दर साली जाळतो." मी हुश्श करते तोच वारा फिरला. म्हातारीचं हसू गेलं. तिनं एक हिरवी फांदी मोडून माझ्या हातात दिली आणि आम्ही आग झोडपत सुटलो. पोरं सुखरूप होती. पण अजूनही त्या धुराच्या वासानं मी आधी वारा कुठला ते बघते, आणि मग दुसऱ्यांच्या पोरांना घाबऱ्याघाबऱ्या हाका मारते.