गिरधरनानांचा अंगठा

अपघात नोंदवहीतली ती नोंद मीच केली होती. 'उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी वाफेने भाजली. प्रथमोपचार केले. चार दिवस रजा.' खाली तारीख, मार्च २०२३ ची. ओळ लिहिली आणि मी ती विसरलो.

आमचा साखर कारखाना तापीकाठी आहे. नाव लिहीत नाही. एका अंगाला केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला सातपुड्याची रेघ. तिथल्या प्रयोगशाळेत मी नोंदी ठेवतो. अपघात नोंदवहीही माझ्याकडेच असते. जळगावला मराठीत एम.ए. केलं, प्राध्यापक होता आलं नाही, म्हणून इथं आलो. गिरधरनाना मला मास्तर म्हणायचे. ते सत्तावन्न वर्षांचे, मी सव्वीसचा. तरी मैत्री झाली. दुपारचा चहा आम्ही रोज बरोबर घ्यायचो.

नाना पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्याचं सिरप होतं, आणि ते सिरप मोठ्या बंद भांड्यात शिजवून त्याची साखर धरवतात. ते भांडं म्हणजे पॅन. दुमजली घराएवढं उंच. पॅनमन वरच्या फलाटावर उभा राहतो, पितळी दांडीने आतला पाक काढतो, काचेच्या पट्टीवर ठेवतो, उजेडात धरतो. मग अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळतो. दाणा वाढतोय की अडलाय, ते त्याला तिथं कळतं. पाक जास्त दाटला तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये नवा, पिठासारखा बारीक दाणा सुटतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो वेळीच पाणी देऊन विरघळवावा लागतो. राहिला तर पाकातून साखर वेगळी करणाऱ्या खालच्या मशीनमध्ये ती कोरडी होत नाही, सगळा पॅन, म्हणजे भांड्यातला अख्खा घाणा, वाया जातो. खोटा दाणा डोळ्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. बोटाला आधी कळतो.

नाना हे पुना आबा नावाच्या जुन्या पॅनमनकडून शिकले. एकोणीस वर्षांचे असताना. आबांनी एक अख्खा हंगाम त्यांना पॅनजवळ फिरकू दिलं नाही. डोळ्यांवर उपरणं बांधायचं आणि बोटांत एकेक चिमूट ठेवायची. रवा, मीठ, तापीची वाळू, बारीक साखर, मोठी साखर. ओळखायचं. चुकलं की पुन्हा. शिकवून झाल्यावर आबांनी एक गोष्ट बजावली होती. हे दुसऱ्या कुणाला शिकवू नकोस, ज्या दिवशी तो शिकला त्या दिवशी तू घरी. नानांनी हे अडतीस वर्षं पाळलं.

सगळ्यात जास्त त्रास त्याचा धनसिंगला झाला. धनसिंग पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचा. बारा वर्षं खाली मशीनवर. पॅनमधून सुटलेली साखर त्याच्या हातातून जाते. त्याला वर यायची हौस. जिना चढून फलाटाच्या कडेला उभा राहिला की नाना मान न वळवता म्हणत, "हात धुऊन ये आधी." सगळे हसत. धनसिंगही हसत असे आणि खाली जाई. तो परत येईपर्यंत काच पुसून ठेवलेली असे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं सरकारी धोरण आलं तेव्हा आमच्याकडेही डिस्टिलरी उभी राहिली. देशात साखर जास्त झाली होती. जास्तीच्या साखरेचं इंधन करा, असा हिशोब होता. आधी फक्त मळी जायची. मग सिरपच थेट तिकडे वळवलं. फाटकावर बोर्ड लागला, शेतकरी आता ऊर्जादाता. तीनपैकी दोन पॅन बंद झाले, मग तिसराही. बाकीचे दोन पॅनमन दुसरीकडे निघून गेले. नानांना डिस्टिलरीच्या फाटकावर बसवलं. भरलेल्या टँकरचं सील तपासायचं. मध्येच वाफेच्या लाइनवर माणूस कमी पडला की तिकडे पाठवायचे. तिथंच हात भाजला.

नाना तक्रार करत नसत. एवढंच म्हणाले की टँकरला वास असतो, दाणा नसतो.

त्याच वर्षी पाऊस कमी झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून पत्र आलं. या हंगामात उसाच्या रसाचं आणि सिरपचं इथेनॉल करायचं नाही. साखर कमी पडेल. पत्र दुपारी आलं. टाक्या सिरपने भरलेल्या होत्या, आवारात उसाच्या गाड्या उभ्या होत्या. चीफ केमिस्ट साहेबांनी गाळप निम्म्यावर आणलं आणि नानांना बोलावणं धाडलं. एक पॅन सुरू करायचा, दिवसपाळीत.

नाना फाटकावरून चालत आले. मी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला.

पहिला पॅन वाया गेला. मशीनमध्ये साखर कोरडी होईना, चिखलासारखी चिकटून बसली. धनसिंग खालून वर आला आणि म्हणाला, "नाना, आज दाणा नही शे. पीठ शे." नाना काच पुसत राहिले. इतके महिने बंद पडलेला पॅन, पहिल्यांदा असंच होतं, असं साहेबच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांनी वेगळंच केलं. काचेवरचा पाक बोटांत घेतलाच नाही. जिभेवर ठेवला, पुढच्या दातांखाली घोळवला. मी जिन्यावरून पाहिलं. पुन्हा दांडी, पुन्हा जीभ. तीन तास. साखर थोडी बरी उतरली, पण मशीन दोनदा थांबवावं लागलं. संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. बोलतही नव्हते. भूषण, आमचा धुळ्याचा तरुण केमिस्ट, म्हणाला की नानांचं घरी भांडण झालेलं दिसतं. नाना हसले. तेव्हा मला त्यांची जीभ दिसली. ती सोललेली होती.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. मी आत कागद घेऊन उभा होतो, म्हणून ऐकलं. आणखी एक पॅन बघू, साहेब म्हणाले. तो बिघडला तर नगरकडून माणूस बोलावतो. सिरप टाकीत ठेवून चालत नाही, आंबतं. तुम्ही मग बगॅस यार्डात बसा, नाना, सोपं काम आहे. आवाज चढवला नव्हता. नाना हो म्हणाले.

बगॅस यार्ड म्हणजे उसाच्या चोयट्यांचा डोंगर. तिथं बसणारा माणूस ट्रॅक्टर मोजतो. पॅनच्या फलाटावरून तो डोंगर समोरच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. दुपारी मी नानांच्या घरी गेलो. त्यांना जिभेला लावायचं मलम द्यायचं होतं. दार उघडं होतं. नाना ओट्यावर मांडी घालून बसले होते, डोळ्यांवर टॉवेल बांधलेला. समोर पाच वाट्या. रवा, मीठ, वाळू, दोन तऱ्हेची साखर. बेबाबाई, त्यांची बायको, एकेक चिमूट त्यांच्या उजव्या बोटांत ठेवत होती. नाना चोळत होते.

"रवा," नाना म्हणाले.

ती वाळू होती.

बेबाबाईंनी मला पाहिलं. त्या उठल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बठ्ठं सारखंच लागस त्यास्ले. सकायपासून बठेल शेतस." सगळं त्यांना सारखंच लागत होतं, आणि ते सकाळपासून बसले होते.

नानांनी टॉवेल काढला. अंगठा माझ्यापुढे धरला. कातडी गुळगुळीत, चकचकीत. त्यावरच्या रेषा गेल्या होत्या. मी तो अंगठा नऊ महिने रोज पाहिला होता, चहाच्या कपाभोवती. मी ती ओळ लिहिली होती. अंगठा व तर्जनी.

डाव्या हाताने जमणार नाही का, मी विचारलं. हे विचारण्यात अर्थ नव्हता. डाव्याने ते कधी शिकले नव्हते. भूषणचं सूक्ष्मदर्शक आहे, मी म्हणालो. प्रयोगशाळा दोन जिने खाली आहे, नाना म्हणाले. नमुना नेऊन आणेपर्यंत पॅन थांबत नाही.

मग त्यांनी सांगितलं, "कोणले सांगू नको, मास्तर."

मी सांगितलं नाही. यात मित्राचं कर्तव्य किती आणि भित्रेपणा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी निघताना त्यांनी पुना आबांची गोष्ट पुन्हा सांगितली. मी ती आधी ऐकली होती. या वेळी शेवट थोडा लांबला. आबा शेवटच्या हंगामात डोळ्यांनी अधू झाले, तेव्हा पॅन वाचवायला गिरधर होता. "मना मांगे कोन शे?" ते म्हणाले. माझ्यामागे कोण आहे. उत्तर त्यांनी मागितलं नव्हतं.

तिसरा पॅन सोमवारी सकाळी दहाला लागला. साहेब स्वतः फलाटावर येऊन उभे राहिले. भूषण होता. मी नोंदवही घेऊन होतो. खाली मशीनची माणसं वर बघत होती. पहिला तास ठीक गेला. नाना काच उजेडात धरत, डोळे बारीक करत, वाल्व थोडा फिरवत. बोटं पाकाला लावत आणि पुसत. मला माहीत होतं की ते नुसतं लावत आहेत.

साडेअकराच्या सुमारास त्यांनी काच उजेडात धरली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. चष्म्यावर वाफ आली होती. त्यांनी तो काढला, पुसला, परत घातला. मग काचेवरून नजर न काढता म्हणाले,

"धनसिंग, हात धुऊन ये."

खाली सगळे हसले. साहेबही हसले. धनसिंग मशीनजवळच होता, वर आलाही नव्हता. त्याला वाटलं, आजही चेष्टा. तो जागचा हलला नाही.

"साबण लाव," नाना म्हणाले. "मंग वर ये."

हसणं थांबलं. धनसिंग नळावर गेला. जिना चढून आला तेव्हा त्याच्या कोपरांवरून पाणी गळत होतं. नानांनी त्याचा उजवा हात धरला, स्वतःच्या सदऱ्याला पुसला, काचेवरचा पाक त्याच्या अंगठ्यावर ठेवला.

"सांग, काय लागस?"

धनसिंगने साहेबांकडे पाहिलं. मग डोळे मिटले. चोळलं.

"दाणा शे," तो म्हणाला. "पन मझार बारीक पीठ शे, नाना."

नानांनी पाण्याचा वाल्व उघडला. भूषण नमुना घेऊन खाली पळाला. पाच मिनिटांनी पुन्हा दांडी, पुन्हा धनसिंगचा अंगठा. अजून शे, तो म्हणाला. पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी त्याने जास्त वेळ चोळलं.

"गयं."

नानांनी पाणी बंद केलं. भूषण धापा टाकत वर आला आणि त्याने सांगितलं की भिंगाखाली खोटा दाणा दिसतोय, पाणी द्या. नाना त्याला म्हणाले की दिलं, आणि तो गेलाही. मग दोन तास तसेच गेले. नाना विचारत, धनसिंग सांगत, नाना वाल्व फिरवत. मध्येच ते त्याला काहीतरी कानात सांगत. ते मला ऐकू आलं नाही.

पॅन सोडला. मशीन एकदाही थांबलं नाही. साखर पांढरी उतरली, दाणा एकसारखा. साहेबांनी मुठीत घेऊन पाहिली. मग नानांकडे वळले. कधीपासून, एवढंच विचारलं.

"मार्चपासून. अंगठा मरेल शे, साहेब."

साहेबांनी विचारलं की मग सांगितलं का नाही. नाना म्हणाले, पॅन बंद होता, कुणी विचारलं नाही. ते रागाने म्हणाले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अपघात नोंदवही माझ्याकडे असते हे त्यांना माहीत होतं. मी खाली पाहिलं.

त्या दिवसाच्या पॅन नोंदीत पॅनमनचं नाव लिहायचं होतं. मी सवयीने गिरधर लिहायला घेतलं. नानांनी डाव्या हाताने वही धरली. धनसिंगचं लिही, म्हणाले. मी लिहिलं.

पंधरा दिवस नाना फलाटावर स्टुलावर बसून होते. तेवढ्यात धनसिंगला सगळं देऊन झालं. मग त्यांची बदली बगॅस यार्डात झाली. आबांनी सांगितलं होतं तसंच. हंगाम संपेपर्यंत त्यांनी ट्रॅक्टर मोजले. तिथून फलाट दिसतो. ते तिकडे पाठ करून बसत की तोंड करून, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. जूनमध्ये ते निवृत्त झाले.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून दुसरं पत्र आलं. बंदी उठली. पुढच्या हंगामात सिरप पुन्हा डिस्टिलरीत गेलं आणि पॅन पुन्हा बंद झाले. धनसिंग आता फाटकावर बसतो. टँकरचं सील तपासतो. वाफेच्या लाइनवर जायला त्याने नकार दिला. लेखी दिला. अर्ज मी लिहून दिला होता, सही त्याची.

गेल्या रविवारी नानांकडे गेलो होतो. ओट्यावर पाच वाट्या होत्या. धनसिंग मांडी घालून बसला होता, डोळ्यांवर टॉवेल. नखं बारीक कापलेली. बेबाबाई चिमूट ठेवत होत्या. नाना भिंतीला टेकून बघत होते. दर रविवारी तो येतो, बेबाबाई म्हणाल्या, तासभर मोटारसायकलवर.

पॅन तर बंद आहे, मी नानांना म्हणालो. कशासाठी?

"दिल्लीवाल्यांचं काय सांगता येतं, मास्तर," ते म्हणाले. "पुन्हा पत्र येईल. तेव्हा बोट पाहिजे."

धनसिंग म्हणाला, मीठ. ती बारीक साखर होती. बेबाबाई हसल्या. नानांनी मान हलवली.

"हात धुऊन ये," ते म्हणाले.

धनसिंगने टॉवेल काढला आणि नळाकडे गेला. नाना तो परत यायची वाट बघत बसले.