वाफबाईची नात आणि जिवंत थेंब

पिटुकलीला काट्यावर ठेवलं आणि नर्सच्या तोंडून नुसतं ‘च्च’ निघालं. वाफबाईने मान पुढे काढून काटा वाचला. आकडा मागच्या खेपेचाच होता. पोर आपली हातपाय झाडत होती, आणि तिची आई आणि आजी त्या आकड्याकडे अशा बघत होत्या, की नजरेनेच तो वर ढकलतील.

“नीट पाजताय ना, ताई?” नर्सने विचारलं.

“पाजतेय हो,” लेक म्हणाली. तिचा आवाज पार खोल गेला होता.

ही लेक म्हणजे वाफबाईची एकुलती एक मुलगी, आणि पिटुकली तिचं पहिलं बाळ. दिवस भरायच्या आधीच घाई करून आलेलं, पोट चिरून काढावं लागलेलं, आल्या आल्या अँटिबायोटिकच्या सुया टोचून घेतलेलं. अंगावर ओढायची ताकद पोरीत नव्हती. म्हणून लेक पंपाने दूध काढायची आणि ते वाटी-चमच्याने पाजायचं. जावई कामासाठी परदेशात. घरात या तिघीच. दूध काढायचं काम लेकीचं, त्यापुढचं स्वयंपाकघरातलं सगळं आजीचं. आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं त्या स्वयंपाकघरातच.

आता ही वाफबाई कोण, ते सांगायलाच हवं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करतात, तिथे या बाईची उभी हयात गेली. कात्र्या, चिमटे धुवायचे, कापडात बांधायचे, पुडक्यावर एक खास चिकटपट्टी लावायची आणि पुडकं लोखंडी पेटीत वाफेखाली ढकलायचं. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की वाफ नीट लागली. रेघ फिकट राहिली की पुडकं परत आत. तिथे हुज्जत चालायची नाही. “ही बाई नवऱ्यालासुद्धा एक वाफ देऊन मगच घरात घेत असेल,” असं तळघरातले लोक म्हणायचे. ते तिच्या कानावर गेलं, तर म्हणाली, “घेतला असता, पण पेटीत मावत नव्हता.”

हसा, हसायला काही हरकत नाही. पण बाई तळघरात उगाच नव्हती गेली. लेकीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाटलीतल्या दुधातून काय पोटात गेलं कोण जाणे, पोराला जुलाब लागले आणि बघता बघता ते हातचं गेलं. “जंतू,” एवढंच तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई तर त्यानंतर जन्मभर फुंकतच राहिली.

आता नात घरात आल्यावर तिला अडवणार कोण? निवृत्त होताना तिने त्या चिकटपट्टीचं एक रीळ घरी आणलं होतं. वाट्या, चमचे, पंपाचे भाग, सगळं कापडात गुंडाळून, पट्टी लावून कुकरमध्ये. रेघ काळी झाल्याशिवाय पिटुकलीच्या जवळ काही फिरकायचं नाही. इथवर ठीक होतं. पण बाई तिथे थांबली नाही. लेकीने काढलेलं दूधही ती गुपचूप उकळायची. चांगलं खळखळून. वर आलेली साय काढून टाकायची, निववायची आणि मग पाजायला न्यायची. अति तिथे माती, हे तिला कोण सांगणार?

त्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले. इवलीशी बाटली, फ्रिजमध्ये ठेवायची. “आजी, यात जिवंत जंतू आहेत,” बाई म्हणाल्या, “चांगले जंतू. आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला स्वतःला पचवता येत नाही. ती असते या जंतूंसाठी. ते ती खातात आणि त्या बदल्यात आतडं सांभाळतात, खाल्लेलं अंगी लागायला मदत करतात. हिच्या पोटातले अँटिबायोटिकने धुऊन निघाले असणार, म्हणून वरून द्यायचे.”

वाफबाईने मान डोलावली. मनात म्हणाली, चांगला जंतू! म्हणजे उद्या चोरही सज्जन म्हणायचा! ज्यांनी माझा मुलगा खाल्ला त्यांच्याच भाऊबंदांना मी आपल्या हाताने नातीच्या तोंडात घालू? पण डॉक्टरांचं मोडायचं तरी कसं? मग तिने मधली वाट काढली. थेंब रोज द्यायचे, अगदी वेळच्या वेळी. फक्त ते दुधात घालायचे आणि मग दूध उकळायचं.

म्हणजे औषधही दिलं आणि जंतूही मारले. आयुष्यभर जंतू मारलेल्या बाईला याहून चोख काम दुसरं कुठलं दिसणार?

त्या ‘च्च’नंतर डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. कपाळावर आठी होती. “थेंब चालू आहेत ना?”

“रोज,” लेक म्हणाली. “आईच देते. एक दिवस चुकत नाही तिचा.”

वाफबाईने खाली बघितलं. खोटं तर काहीच नव्हतं त्यात. तरी तिच्या कानशिलांत गरम वाफ शिरली.

“मग मला दुसरी शंका येते,” बाई म्हणाल्या. “काही बाळांच्या शरीरालाच दूध वापरता येत नाही. चयापचयातच दोष असतो. रक्ताच्या तपासण्या पाठवते. तोवर आईचं दूध बंद ठेवून खास पावडर सुरू करावी, असं मला वाटतं. उद्यापासून.”

लेकीने पिटुकलीला दुपट्यात गुंडाळलं आणि दोघी घरी निघाल्या. घराचा जिना चढताना लेक एकदम थांबली आणि म्हणाली, “आई, माझं दूधच बाधतंय तिला. मीच तिला उपाशी मारतेय.”

“काहीतरी बोलू नकोस!” वाफबाई खेकसली. पण दूध उकळल्याचा एक शब्द तोंडातून काढला असता तर लेकीच्या डोक्यावरचं ओझं तिथेच उतरलं असतं. नाही काढला. मूग गिळून बाई स्वयंपाकघरात गेली आणि कुकर घासत बसली.

घासताना तिच्या डोक्यात आपलंच काम फिरायला लागलं. वाफ काही ओळखत नाही, चांगलं कोण, वाईट कोण. तिच्याखाली गेलेलं सगळं मरतं. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? म्हणजे रोज थेंब देताना आपण पोरीला काय पाजत होतो? मेलेलं औषध. आणि दूध? त्यातलंही काही जिवंत असेल, जे आपण रोज मारलं? डॉक्टरीणबाई जी शंका धुंडाळताहेत, ती पोरीच्या रक्तात नसून या पातेल्यात असेल तर?

बाहेर लेक खुर्चीत बसली होती. समोर पाण्याचा पेला, तळहातावर एक गोळी.

“ही कसली?”

“दूध आटायची. येताना मीच लिहून घेतली,” लेक म्हणाली. “छाती दगडासारखी झालीये आई, फार दुखतंय. आणि बंदच करायचंय तर आजच करते. ठेवून काय उपयोग?” तिने पेला उचलला.

“थांब!” वाफबाई इतक्या जोरात ओरडली की आत झोपलेली पिटुकली दचकून रडायला लागली. “गिळू नकोस ती. तुझ्या दुधात काही खोट नाही. मी ते उकळत होते.”

लेकीला कळेना. “काय उकळत होतीस?”

“दूध. तुझं दूध. पहिल्या दिवसापासून. आणि ते थेंबसुद्धा. जंतू मरावेत म्हणून.” मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. “मला भीती वाटली गं. तुझ्या दादासारखं हिचं होईल अशी. तिथे डॉक्टरांसमोर सांगायला हवं होतं, पण जीभच उचलली नाही.”

लेकीने गोळी टेबलावर ठेवली. आत पोर रडत होती, पण ती लगेच उठली नाही. आईकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही.

“दादाला जंतूंनी नेलं,” ती म्हणाली. “हिला तुझी भीती घेऊन चालली होती. आणि तू मला जिन्यात तसं बोलू दिलंस.”

वाफबाईने आत जाऊन रडणाऱ्या पिटुकलीला उचललं.

तशाच दोघी पोरीला घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. यावेळी बोलली ती वाफबाई; लेकीने तिच्या बाजूने एक शब्द टाकला नाही. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेताना दोनदा पेन खाली ठेवलं. “आजी,” त्या म्हणाल्या, “दुधात चरबी पचवणारा एक पदार्थ असतो, तो उकळलं की मरतो. वर साय काढून टाकत होतात, म्हणजे चरबीही गेली. आणि थेंबांचं तर काय सांगू! एवढ्यानेच वजन अडलं असं मी छातीठोक सांगत नाही. तपासण्या होऊ देत. पण पावडर आत्ता नको. न उकळलेलं दूध, थेंब फ्रिजमधून थेट. वाट्या-चमचे खुशाल उकळा. आणि पुढच्या आठवड्यात काट्यावर.”

तो आठवडा कसा गेला विचारू नका. लेकीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वाफबाईने दारात उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. पंपाची घरघर ऐकायची, कच्चं दूध वाटीत पडताना बघायचं, आणि पिटुकलीचा प्रत्येक लंगोट उलगडून बघायचा. एकदा जरा पातळ शी झाली, तर बाईचं धाबंच दणाणलं. “बघ, बघ!” ती म्हणाली. लेकीने नुसतं बघितलं. बाई लंगोट धुवायला घेऊन गेली.

रक्ताच्या तपासण्यांत काही निघालं नाही. वजनाच्या दिवशी नर्सने पोरीला ठेवलं, उचललं आणि परत ठेवलं. वाफबाईने डोळे गच्च मिटून घेतले.

“अगं बाई, वाढलंय की!” नर्स म्हणाली. “लागलं हो ताई तुमचं दूध!”

तुमचं दूध, एवढं ऐकलं मात्र, लेक भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. वाफबाईचा हात तिच्या पाठीवर जायला निघाला आणि अर्ध्यातच थबकला. लेकीने तो ढकलला नाही, ओढूनही घेतला नाही.

घरी आल्यावर लेकीने दूध काढलं, त्यात थेंब घातले आणि वाटी आईपुढे धरली.

“घे. तू पाज.”

“मी?”

“तूच. रजा संपली, दुपारपासून मला घरूनच ऑफिसचं काम सुरू करायचंय. मी रोज पहारा देऊ शकत नाही.”

वाफबाईने पिटुकलीला मांडीवर घेतलं. वाटीतलं दूध कोमट होतं, त्याला ना साय, ना वाफ. चमचा ओठांशी नेताना तिच्या डोळ्यांपुढे तो मुलगा उभा राहिला, आणि हात आपोआप मागे आला. पिटुकली तोंड उघडं टाकून वाट बघत होती. बाईने मोठा श्वास घेतला आणि चमचा आत रिकामा केला.

पोरीने मिटक्या मारल्या. बाईने दुसरा चमचा भरला.

लेक समोरच्या खुर्चीत बसली होती. काम सुरू करायची वेळ होऊन गेली, तरी उठली नाही. वाटी रिकामी होईपर्यंत तिने आईच्या हातावरची नजर काढली नाही.