इडवलच्या पेटीमागे

इडवल प्रिचर्डला कुणी एखादी गोष्ट नको म्हटलं की तो ती आधी करायचा. हा गुण आईचा, पण गावात बोल लागायचा त्याच्या वारलेल्या बापाला. बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत होता. धूळ छातीत साठून तो गेला तेव्हा इडवल शाळेत होता. त्याच्या आईने, मार्गेडमावशीने, लोकांचे कपडे धुऊन पोराला वाढवलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळे तिथलं हसणं-भांडणं सगळं आम्हाला ऐकू यायचं.

वेल्समधल्या आमच्या गावात मुलगा हाताशी आला की खाणीत जातो. इडवलही गेला, पण दगडापेक्षा दगड ओढणाऱ्या इंजिनाशी त्याचं जास्त जमलं. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलवर जर्मनांचे बॉम्ब पडायला लागले आणि त्याने हवाई दलात नाव दिलं. आमचं चॅपल, म्हणजे गावचं प्रार्थनाघर, युद्धाच्या विरोधातलं. चॅपलचे पंच मिस्टर पॅरी घरी येऊन समजावून गेले, की चॅपलमध्ये वाढलेल्या मुलाने दुसऱ्यांची घरं जाळायची नसतात. इडवलने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की लिव्हरपूल जळतं तो उजेड डोंगरावरून दिसतो, एकदा चढून बघा. पॅरी चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

विमान शिकवणारे इंग्रज साहेब त्याच्या वेल्श वळणाच्या इंग्रजी उच्चारांना हसायचे. सुट्टीवर आल्यावर त्याने त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मावशी मात्र हसली नाही. तू काय बोललास, एवढंच तिने विचारलं.

"म्हटलं, माझं इंग्रजी विमानाला कळतं. तेवढं पुरे."

त्या रविवारी तो छातीवर वैमानिकाचे पंख लावून, गणवेशातच चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसला. पॅरींनी भरकटलेल्या लेकरांसाठी प्रार्थना केली. सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाला तो इडवल.

मग त्याला बॉम्बफेकी विमान मिळालं. रात्री जर्मनीवर जायचं आणि उजाडायच्या आत परत यायचं. त्याबद्दल तो फारसं बोलायचा नाही. वर बोटं गारठून बधिर होतात आणि परतताना इंग्लंडचा किनारा दिसला की पहिल्यांदा भूक लागते, एवढंच सांगायचा. शेवटच्या सुट्टीत तो आईबरोबर बशा पुसत होता. आमच्याकडे पुरुष बशा पुसत नाहीत. मावशीने हातातलं फडकं ओढलं तरी त्याने सोडलं नाही.

"तिकडेही बायका स्वयंपाक करत असतील ना रे?" तिने विचारलं.

"असतील," तो म्हणाला, आणि कोरडी झालेली बशी पुन्हा पुसायला लागला.

वसंतात एका पहाटे त्याचं मार खाल्लेलं विमान परतलं. उतरायची जागा धुक्याने भरलेली. धावपट्टीच्या अलीकडच्या झाडांत ते शिरलं. मागे बसलेला तोफवाला तेवढा वाचला. इडवल तेविसाव्या वर्षात होता.

शवपेटी रेल्वेने आली, झेंड्यात गुंडाळलेली, झाकण स्क्रूने बंद केलेलं. उघडू नका, असं बरोबरच्या सैनिकांनी हळूच सांगितलं. संध्याकाळी पॅरी अंत्ययात्रेचं ठरवायला आले. आमच्याकडे पेटीमागे पुरुष चालतात, रस्ताभर चार सुरांत स्तोत्रं गातात. बायका घरी थांबून नंतरच्या जेवणासाठी पावाला लोणी लावतात आणि हॅम कापतात. पुढे कोण चालणार, तर इडवलचा काका इवॉर, असं पॅरींनी ठरवूनच आणलं होतं. हाच इवॉर भरती झालेल्या पुतण्याला खाटीक म्हणाला होता आणि त्यानंतर त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

मावशी म्हणाली, पुढे मी चालणार.

पॅरी सौम्यपणे म्हणाले, की अशी रीत नाही, बाईमाणसाला ते सोसत नाही.

"तार आली ती माझ्या हातात दिली, मिस्टर पॅरी. घरात कुणी पुरुष आहे का, असं पोस्टवाल्याने विचारलं नाही."

"मार्गेड, तू आलीस तर पुरुष गाणार नाहीत. मुलाला मुक्यानं न्यायचंय का तुला?"

हा घाव बरोबर बसला. आमच्या गावात ज्याच्या मागे गाणं नाही, तो बेवारशी. मावशीने बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा केले.

"मुक्यानं नेईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका तिच्या स्वयंपाकघरात होतो. बाहेर पेटी उचलल्याचा आवाज आला तशी तिने ॲप्रन सोडला, टोपी घातली आणि बाहेर गेली. इवॉर पेटीमागे उभा होता. "सरक जरा," एवढंच ती त्याला म्हणाली. तो सरकला. यात्रा निघाली आणि खरोखरच कुणी तोंड उघडलं नाही. नुसते बूट वाजत होते. ते आम्हाला दारातून ऐकवेना. मी सुरी ठेवली, बाकीच्यांनी शाली घेतल्या, आणि आम्ही मागोमाग चालायला लागलो. हॅम तसंच राहिलं.

कबरीपाशी पेटी खाली उतरली. पाद्रीबुवांची प्रार्थना संपली. आता स्तोत्र हवं होतं. सगळे पुरुष पॅरींकडे बघत होते आणि पॅरी बुटांकडे.

"तुम्ही गाता की मी गाऊ?" मावशी म्हणाली.

मार्गेडमावशीला सूर म्हणून नव्हता. चॅपलमध्ये ती नुसते ओठ हलवायची. शेजारी बसणाऱ्यांवर तिचा तो उपकार होता. मग तिनेच सुरू केलं. भर उन्हात, पोटातून, पूर्ण बेसूर. पेटीबरोबर आलेली हवाई दलाची पोरं ताठ उभी होती, त्यांना आमची भाषा कळत नव्हती. आमच्या पुरुषांचे मात्र जबडे आवळले गेले. ही माणसं खाणीत जेवणाच्या सुट्टीतही सुरांवरून हमरीतुमरीवर येणारी. आई कबरीपाशी उभी आहे हे ते सहन करत होते, पण उतरलेला सूर त्यांना सहन होईना. इवॉरनेच तो आधी उचलून जागेवर आणला. मग खालचे आवाज आले, आम्ही बायका मिसळलो, आणि पॅरींचा तो प्रसिद्ध खर्ज सगळ्यांत शेवटी.

आता मावशीने थांबायला हरकत नव्हती. दोघा-तिघांनी तशा अपेक्षेने तिच्याकडे पाहिलंही. ती थांबली नाही. पेटीवर नजर ठेवून, सगळ्या गावाच्या सुराला बाजूला सारत, शेवटच्या कडव्यापर्यंत आपल्याच आवाजात गात राहिली.