गोलमागचा दगड

बीडच्या जुन्या वेशीपलीकडे आमचं फुटबॉलचं मैदान आहे. तिथल्या एका गोलमागे गुडघाभर उंचीचा काळा दगड रोवलेला आहे. त्यावर पांढऱ्या रंगात हत्ती काढला आहे. सामन्याआधी आमच्या संघातला प्रत्येक खेळाडू त्या दगडाला एक लाथ मारतो. मारली की गोल होतो, अशी समजूत. बाहेरगावचे संघ हे बघून हसतात आणि मोबाइलवर चित्रण करून नेतात. ही समजूत माझ्यामुळे रुजली. हत्तीची गोष्ट मी रचली, आणि रचताना खरी गोष्ट मला माहीत होती.

आम्ही प्रेक्षक मैदानाच्या कडेच्या पडक्या भिंतीवर बसायचो. सगळे उतारवयाचे. आमच्यात एक रीत होती. हाफटायमाला आपला संघ मागे असेल, तर ज्याची पाळी असेल त्यानं गावची एखादी जुनी गोष्ट सांगायची. पोरांना शिव्या घालत बसण्यापेक्षा ते बरं, असं म्हणून कुणीतरी सुरू केलेलं. संघ आमचा बहुतेक वेळा मागेच असायचा, त्यामुळे खजाना विहीर, कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ, बिंदुसरेचे पूर, सगळं सांगून झालेलं. दिल्लीच्या सुलतानाचा दात इथं पडला आणि त्या दातासाठी मकबरा बांधला, ही गोष्ट तर दर मोसमात निघायची.

"दाताला मकबरा? माझ्या सगळ्या दाढा पडल्या बे, मला कुनी साधा वटा न्हाई बांधला."

"तू आदी सुलतान हो."

"सुलतान कशाला? आपल्या गोलकीपरला दोन लाथा घाला, त्याचे दात पडले की मकबराच मकबरा!"

या भिंतीवर माझ्या शेजारी माझा मित्र बसायचा. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, आणि तरुणपणी तो याच मैदानावर गोलकीपर होता. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून तो मला गुर्जी म्हणायचा. एकदा सामना संपून सगळे गेल्यावर तो गोलमागे गेला आणि बाटलीतलं पाणी त्या दगडावर ओतू लागला. तेव्हा दगडावर रंग नव्हता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या खानदानातला मानूस हाय हितं. जमिनीखालून पान्याचे नहर खोदत होते. माती बसली. मानूस खालीच ऱ्हायला. वर निशानी म्हनून ह्यो दगड."

"म्हणजे कबर?"

"कबर न्हाई. खाली नेमका कुठं हाय कुनाला ठावं? निस्ती निशानी. पान्यासाठी गेला म्हनून आमी पानी घालतो."

मी सवयीनं काळ विचारला. बहामनी, निजामशाही, नेमकं केव्हाचं? तो हसला. "दादीनं काळ न्हाई सांगितला गुर्जी. पानी घाल म्हनली."

पुढे एका रविवारी धारूरचा संघ खेळायला आला. भाई लेकीकडे माजलगावला गेला होता. हाफटायमाला आम्ही दोन गोलांनी मागे, आणि पाळी माझी. माझ्याकडे नवं काही उरलं नव्हतं. भाईनं सांगितलेली गोष्ट तेवढी होती. ती मी सांगू शकलो असतो. पण मातीखाली गेलेल्या माणसाच्या गोष्टीवर कोण हसणार? तोंड पाडून बसलेल्या लोकांना मला हसवायचं होतं. खरं सांगायचं तर टाळी हवी होती.

मी म्हणालो, "सुलतानाचा दात पडला, तो हत्तीवर घालून मिरवत आणला. हत्ती इथं आला आणि बसला. उठेचना. हा गोलमागचा दगड तोच हत्ती बांधायचा. शेवटी माहुतानं दगडाला लाथ मारली, तसा हत्ती उठला."

"दगडाला कावून? हत्तीला मारायची ना!"

"हत्तीला मारायची माहुताची हिंमत नव्हती."

भिंत हसून लोटपोट झाली. पाणी प्यायला आलेल्या आमच्या पोरांनीही ऐकलं. आमचा डावा फॉरवर्ड जाता जाता गोलमागे गेला, "ऊठ बे हत्ती!" म्हणत दगडाला लाथ घातली, आणि दुसऱ्या हाफात त्यानंच तीन गोल केले. आम्ही जिंकलो. पुढच्या सामन्याला अख्ख्या संघानं रांग लावून लाथा मारल्या.

भाईनं परत आल्यावर ते पाहिलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाला, "गुर्जी, पोरं लाथा मारून ऱ्हायले. तुमी एकडाव सांगा की ती थाप व्हती. माझं कोन ऐकल? तुमचं ऐकतेत."

मी म्हणालो, "सांगतो. एवढी स्पर्धा होऊ दे. पोरं जोरात आहेत, त्यांचं मन कशाला मोडायचं?"

स्पर्धा झाली. मग कुणीतरी दगडावर हत्ती रंगवला. मग एका कार्यक्रमात गावचा विसरलेला इतिहास उजेडात आणल्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या वाजत होत्या, माईक माझ्या हातात होता. भाई मागच्या रांगेत बसला होता. मी आभार मानले आणि खाली बसलो. त्यानंतर त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. भिंतीवर यायचंही हळूहळू बंद केलं. दुकानात गेलो की तो नेहमीसारखा माझा चष्मा काढून घ्यायचा, पुसायचा आणि परत द्यायचा. तब्येतीची चौकशी करायचा. सकाळी फिरायला जाताना मी त्याला मैदानावर लांबून पाहिलं आहे. गोलमागे वाकून दगडावरचा बुटांचा चिखल धूत असायचा. मी वाट बदलून जायचो.

गेल्या हिवाळ्यात भाई गेला. दफनाला मी होतो. मीही मूठभर माती दिली.

काही आठवड्यांनी मी त्याच्या दुकानात गेलो. आता मुलगा बसतो. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, पुढच्या सामन्याला माईक घेऊन मी सगळ्यांसमोर सांगणार. हत्ती पुसायला लावणार, खरं काय ते तिथं लिहायला लावणार.

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"काका, नका सांगू."

"अरे, तुझ्या वडिलांनी मला..."

"मला माहीत हाय. अब्बा घरी बोलायचे. पन तवाची गोष्ट येगळी व्हती. तवा तुमी सांगितलं असतं तर लोक म्हनले असते, अरे, असं हाय का. संपलं. आज मैदानात आमच्या मानसाची निशानी हाय म्हनलं की त्याचा दावा होतो. उद्या कोनीतरी मोजमाप करायला येईल, परवा मोर्चा. माझी पोरं त्याच मैदानावर खेळतेत."

 तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी टाळत राहिलो, आणि तेवढ्यात सांगायची वेळ निघून गेली.

"मग मी काय करू?" मी विचारलं. एवढ्या वयाच्या माणसानं मित्राच्या मुलाला हे विचारावं!

"लिहा पाहिजे तर. नाव नका घालू. अब्बाचंबी नको, तुमचंबी नको."

म्हणून हे बिननावाचं लिहितो आहे. हत्ती तिथं कधीच नव्हता. तिथं जमिनीखाली एक माणूस आहे. गावाला पाणी आणायला तो खाली उतरला होता.

परवाच्या रविवारी मी भिंतीवर जाऊन बसलो. पोरांनी रांगेनं लाथा मारल्या. त्यात भाईचा नातूही होता. त्यानं पाय उचलला आणि दगडाला न लावता तसाच खाली ठेवला. मागच्याला ते दिसलं नाही. हाफटायमाला आम्ही एका गोलनं मागे होतो. कुणीतरी म्हणालं, "गुर्जी, होऊन जाऊ द्या हत्तीची."

"आज घसा बसलाय," मी म्हणालो.

मग दुसऱ्यानं सांगितली. माझ्यापेक्षा रंगवून सांगितली. त्याच्या गोष्टीत हत्तीच्या पायात चांदीचा साखळदंड होता आणि माहूत धारूरचा होता. सगळे हसले. माझ्या शेजारी भाईची जागा होती, तिथं कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. दगडावर पाणी घालायला मी ती उचलली नाही.