अर्धा वर्ग काळा

वीस वर्षं ती कॅमेरे दुरुस्त करत होती. एवढ्या काळात तिच्या हातावर कुणी संशय घेतला नव्हता. घेतला तो घरच्याच माणसानं.

धाकट्या दिराचा फोटो स्टुडिओ होता. त्यानं जुना कॅमेरा विकून दुसरा घेतला, वापरलेलाच, आणि साफसफाईला वहिनीकडे दिला. आठवड्यानं तो तिच्या दुकानात आला आणि शाळेचे फोटो टेबलावर आपटले. प्रत्येक फोटोत अर्धा वर्ग लख्ख, अर्धा काळाकुट्ट. मुख्याध्यापिका नेमक्या काळ्या बाजूला.

"वहिनी, आतलं काय बदललंत?"

"शटरचा वेग किती ठेवला होता?"

"नेहमीचाच. एकशेपंचवीस. विषय बदलू नका."

तिनं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फ्लॅश जोडला आणि भिंतीकडे रोखला. "आता मागून बघा." वेग साठावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर होता. बटण दाबलं, पूर्ण चौकट उजळली. एकशेपंचवीसवर अर्धीच. पाचशेवर जेमतेम एक पट्टी.

"तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच होतं, पाकळ्यांचं. वेग कितीही ठेवा, क्षणभर ते पूर्ण उघडायचं. ह्यात दोन पडदे आहेत. साठावर पहिला पडदा पार निघून गेल्यावरच दुसरा निघतो. वेग वाढवला की दुसरा पहिल्याच्या पाठोपाठ धावतो, मध्ये फट तेवढी राहते. फ्लॅश तर पापणी लवायच्या आतच विझतो. त्या वेळी जेवढं उघडं, तेवढंच उजळणार."

"गोष्टी छान सांगता," तो म्हणाला आणि कॅमेरा उचलून चालता झाला.

खरं तर तिलाही धास्ती वाटली. पडद्याची स्प्रिंग आपल्याच हातून ढिली झाली असेल तर? तिनं कपाटातला त्याच जातीचा कॅमेरा काढून तपासला. तिथंही एकशेपंचवीसवर अर्धीच चौकट. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

घरी गेली तर नवरा वाट बघत बसलेला. दिराचं आधीच येऊन सांगून झालं होतं.

"खरं सांग," नवऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं, "एखादा भाग काढून घेतलास का? मी कुणाला बोलणार नाही."

तिनं ताटं वाढली.

दिरानं कॅमेरा दुसऱ्या गावच्या मेकॅनिकला दाखवला. त्यानं तो उघडून पाहिला आणि सांगितलं, सगळे भाग मूळचेच आहेत, फ्लॅश लावताना वेग साठावर ठेवा. दिरानं शाळेत जाऊन फोटो पुन्हा काढले आणि एक प्रत घेऊन दुकानात आला. ह्या वेळी मुख्याध्यापिका हसत होत्या.

"चुकलो, वहिनी. डोक्यात राख घालून बोललो."

"बसा," ती म्हणाली आणि त्याला चहा मागवला.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "मला वाटलंच होतं, तुझा दोष नसणार."

तिनं मान वर केली. "मग विचारलंत कशाला?"

त्यानं आमटीची वाटी पुढे ओढली. दिरावरचा तिचा राग दोन दिवसांत गेला. नवऱ्यानं मात्र पुढे कधी "आज काय काम होतं?" असं विचारलं, की ती फक्त "होतं काहीतरी" एवढंच म्हणायची.