क्रूसाजवळच्या विहिरीमागचं घर

आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं खाकीत गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही कोणी 'साहेब, नोकरीतली एखादी केस सांगा' म्हणालं की मला चौक गावातली एक दुपार आठवते. त्यात कोणी मेलं नव्हतं. पेपरात धड दोन ओळीही आल्या नव्हत्या. नावं कोणाचीच सांगणार नाही, कारण त्यातली काही माणसं अजून तिथेच राहतात.

नव्वदीची सुरुवात होती. मीरा-भाईंदर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. मीरा रोडला रोज नवी इमारत उभी राहायची आणि दिवसभर डंपर खाडीकडे पळायचे. तिवरांची झाडं तोडायची, वर मुरूम आणि राडारोडा ओतायचा, की झाला प्लॉट तयार. खाडीकाठच्या कोळ्यांची मासळी आटत चालली होती. शेवटी डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांनी एकत्र येऊन राज्यभराची समिती केली आणि मंत्रालयावर मोर्चा न्यायचं ठरवलं. मोर्चा निघाला, चांगला मोठा निघाला. त्या दबावाने सरकारने साक्षी ऐकायला अधिकारी नेमले. अट एकच होती. प्रत्येक खाडीतर्फे एका माणसाने मुंबईत येऊन साक्ष द्यायची. ज्या खाडीचं कोणी येणार नाही, ती अहवालात येणार नाही.

आमच्या भागातर्फे बोलणार होती चौकची एक कोळीण. चाळिशीची बाई, भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. तिला धाकटी म्हणू, कारण तिची थोरली जाऊही या गोष्टीत आहे. थोरलीला चळवळीचं भारी वावडं. "मोर्च्यानं चूल पेटते का गो?" असं ती धाकटीला भर बाजारात विचारायची. जीभ अशी तिखट की निम्म्या गावाशी तिचा अबोला.

साक्षीला आठ दिवस उरले असताना मार पडला तो या थोरलीला.

दुपारची वेळ, पुरुष समुद्रावर. ती दारात बांबूंवर बोंबील सुकत घालत होती. जीपमधून तोंडाला रुमाल बांधलेले तिघे उतरले. "बहुत ज़बान चलाती है!" एवढंच बोलले आणि लोखंडी सळीने उजवा हात दोन ठिकाणी मोडला. जाताना जीप मागे घेत बोंबलांसकट बांबू आडवे केले आणि निघून गेले.

मी त्या दिवशी हायवेवर मंत्र्यांच्या बंदोबस्ताला होतो. पंचनामा माझ्या फौजदाराने केला. संध्याकाळी त्याने कागद पुढे ठेवले. कुठे, कसं, पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला काय, सगळं त्यात होतं. मी न वाचता सही ठोकली. दिवसभर उन्हात उभं राहिलेला अधिकारी कागद वाचत नाही, शेवटचं पान उलटतो.

दवाखान्यात थोरलीचा जबाब घ्यायला मात्र मी स्वतः गेलो. धाकटी पायथ्याशी बसली होती.

"साहेब, हे माझ्यासाठी आले होते," ती म्हणाली.

"मग तुमच्याकडे का नाही आले?" मी विचारलं.

मी मनाशी निष्कर्ष काढून मोकळा झालो. ज़बान चलाती है म्हणाले ना? मग थोरलीच्या भांडणातलंच हे प्रकरण. तिच्याशी वाकडं असलेल्या माणसांची यादी केली तर पान पुरेना! चार दिवस आम्ही तिचा दीर, शेजारी, एक बर्फवाला आणि होडी दुरुस्त करणारा असे सगळे ठाण्यात आणून बसवले. एकाच्याही बोलण्यात काही सापडेना.

जीपवर नजर ठेवायला आसपासच्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी काशीमीऱ्याहून एकाचा फोन आला. "साब, एक जीप आयी है, पीछे की बत्ती टूटी है. गाडी से सूखी मछली की बास आ रही है, और आदमी मछलीवाले नहीं लगते."

मी स्वतः गेलो. मागच्या पत्र्याच्या फटीत दोन बोंबील अडकलेले होते. मला हसू आलं. म्हटलं, चोर पळाला पण बोंबलाने धरून ठेवला! जीप ताब्यात घेतली, ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

चौकशीत मी हात क्वचित उचलायचो. चहा द्यायचो आणि एकच प्रश्न तीनदा विचारायचो. पढवलेला माणूस तिन्ही वेळा तेच शब्द बोलतो. खरं बोलणारा दर वेळी वेगळीकडून सुरुवात करतो, मध्येच थांबतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. ड्रायव्हर आधी पोपटासारखा बोलला. दुपारी मी म्हटलं, "अरे, त्या बाईचं आणि तुझं वैर काय? बाजारात भांडलास का?"

"कसलं वैर साहेब, मी तिला कधी बघितलं पण नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं, मोर्चावाली पुढारीण आहे, मुंबईला साक्ष द्यायला जातेय, तिला घरी बसवा."

मी खुर्चीत सरळ झालो. "ती बाई कसली पुढारीण? ती तर मोर्च्याला शिव्या घालते."

"काय माहीत साहेब. कागदावर त्याच घराचं लिहिलं होतं. क्रूसाजवळच्या विहिरीमागचं, निळ्या दाराचं घर."

ते शब्द माझे होते!

कसे, ते सांगतो. मोर्च्याला परवानगी देताना आम्ही प्रमुख माणसांची नावं घेतो. चौक गावात एकाच नावाआडनावाच्या पाच-पाच बाया. म्हणून मी स्वतः गावात गेलो आणि प्रत्येक नावापुढे घराची खूण लिहून घेतली. धाकटीने मला ज्या ओट्यावर बसवलं, खुर्ची दिली, चहा पाजला, ते घर मी तिचं धरून चाललो. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बंदराकडे. तिथे साहेबाला बसवायला खुर्ची नव्हती, म्हणून तिने जावेचा ओटा मागून घेतला होता. मी विचारलंच नाही. ही चूक जगात फक्त एकाच कागदावर होती, माझ्या यादीवर. गावातला कोणी चुकीचं घर दाखवणं शक्यच नव्हतं. आणि पंचनाम्यात थोरलीच्या घराची हीच खूण लिहिलेली होती; मी तो वाचला असता तर पहिल्याच दिवशी हे कळलं असतं.

मग तो कागद त्यांच्याकडे गेला कसा? हेही मला शोधावं लागलं नाही. मोर्च्याच्या आदल्या दिवशी मी भरावाच्या ठेकेदाराच्या मॅनेजरला ठाण्यात बोलावलं होतं. सफारी घातलेला, गोड बोलणारा गृहस्थ. मी टेबलावर हात आपटून त्याला दम दिला, "या यादीतल्या एकाच्याही केसाला धक्का लागला तर तुम्हाला आत टाकीन." आणि तेवढ्यावर न थांबता यादीची कार्बन कॉपी त्याच्या हातात कोंबली. "खिशात ठेवा. रोज वाचा."

रोज वाचली त्याने. नीट वाचली.

जीपच्या सीटखाली ती प्रत सापडली. खाली माझी सही. माझा हवालदार, भला माणूस, इतक्या वर्षांचा सोबती. त्याने दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, हा कागद पंचनाम्यात घ्यायलाच पाहिजे असं नाही. ड्रायव्हर बोललाय. मॅनेजरला त्यावरच उचलू."

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. अर्धा तास तरी केला. पण कागदाशिवाय मॅनेजर सुटणार हे मलाही कळत होतं आणि हवालदारालाही. पंच बोलावले, कागद मुद्देमालात घेतला आणि केस डायरीत लिहिलं, सदर यादी मी स्वतः दिली. मॅनेजरला त्याच संध्याकाळी अटक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. तिथे वेगळंच घडलेलं. गावच्या जाणत्यांनी धाकटीला सांगितलं होतं, आता बास. तीही म्हणाली, "मी न्हाय जात, साहेब. माझ्यापायी हिचा हात मोडला. मासळी गेली तर गेली." साक्षीला दोन दिवस उरले होते. ती गेली नसती तर आमच्या खाडीची ओळ कोरी राहिली असती आणि सळी चालवणाऱ्यांना हवं ते मिळालं असतं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओटा, खुर्ची, यादी, दम. "तुमच्यापायी नाही मोडला. माझ्यापायी मोडला," म्हणालो. वॉर्डमधल्या बाया वळून बघायला लागल्या.

थोरली प्लास्टरचा हात छातीशी धरून पडली होती. तिने मला असं झापलं की तसं कुठल्या वरिष्ठाने झापलं नाही. "मेल्या! शिकलेला ना तू? घर कुनाचं ते विचारायला तोंड नव्हतं? चहा प्यायला बरं तोंड होतं!" मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

दम लागला तेव्हा ती थांबली. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "तू कशाला रडतंस? ऊठ. मी बी येते मुंबयला."

"तू? तुला तर मोर्चा—"

"मोर्चा मला आवडत न्हाय. पन माझं घर लिवलंय ना यांनी? मग आता माझं नाव बी लिवा. खाडीत चाळीस वर्सं हात घातलाय मी, माझ्याहून जास्त कोन सांगणार हाय त्यांना?"

मी वर बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

दोघी गेल्या. धाकटी बोलली आणि मग थोरली बोलली. बंदोबस्ताला मीच होतो. कुठल्या वळणावर कोणती मासळी मिळायची, कुठल्या भरावानंतर ती बंद झाली, हे तिने त्या अधिकाऱ्यांना असं सांगितलं की लिहून घेणाऱ्याला तिला दोनदा थांबवावं लागलं. सही करायची वेळ आली तेव्हा तिने डावा अंगठा पुढे केला. आमची खाडी अहवालात आली. सगळीकडचे भराव लगेच थांबले असं नाही, पण त्या वर्षी त्या बाजूचे डंपर थांबले.

मॅनेजरला शिक्षा झाली. मला खात्याकडून ठपका मिळाला आणि बदली झाली. दोन्ही रास्त होतं.

या केसने मला काय शिकवलं? पोलिसाला वाटतं, आपण दम दिला की समोरचा घाबरतो. सज्जन घाबरतो. दुसरा आपल्या दमातून कामाचं तेवढं उचलतो. ज्यांना सांभाळायचं त्यांचे पत्ते मी, ज्याच्यापासून सांभाळायचं त्याच्याच हातात दिले होते आणि वर स्वतःला कडक अधिकारी समजत होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही यादी ठाण्याबाहेर जाऊ दिली नाही. नव्या फौजदारांना हेच सांगत आलो की नाव लिहून घ्यायला अक्कल लागत नाही, ते जपायला लागते. ते माना डोलवायचे. त्यांना ही गोष्ट मोठी वाटायची नाही.

मध्ये एका लग्नाच्या निमित्ताने तिकडे जाणं झालं. थोरली आता बरीच म्हातारी झालीय. तिचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. बोंबील ती डाव्या हाताने सुकत घालत होती.