लाल दोऱ्याची बिडी

बिडीच्या कारखान्यात वर्षभर काम केलं की तंबाखूची धूळ कपड्यांत बसते ती बसतेच. मी अकरा वर्षं काढली. धूळ पुढं कधीतरी गेली, किस्से काही गेले नाहीत. कुणी नुसता चहाचा कप पुढं केला तरी एकेक बाहेर पडायला लागतो. पण आधीच सांगून ठेवतो, यातल्या बहुतेक किश्शांत मी हरतो. जिंकतो तो गणपत. आणि या गणपतवर मी वर्षानुवर्षं जळलो, अगदी मनापासून जळलो.

निजामाचं राज्य होतं. जालन्यात कुंडलिका नदीच्या अलीकडं आमच्या शेठजींचा कारखाना. मी तिथला पेंटर. लाकडी ठशावर अक्षरं कोरायची, ती कागदाच्या पट्टीवर उठवायची आणि पट्टी पंचवीस बिड्यांच्या बंडलावर चिकटवायची, हे माझं काम. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत माझं अक्षर मोत्यासारखं. शेठजींना त्यातली एकही वाचता येत नव्हती, तरी ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे.

माझं मागणं एकच होतं. कधीतरी माझं लेबल हैदराबादच्या छापखान्यातून रंगीत छापून यावं आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव असावं. दामू. बस, एवढंच.

आणि मग हा आला!

* * *

गणपत जातीचा रंगारी. बापजादे लुगडी रंगवायचे. याला अक्षराचा गंध नाही, हजेरीला अंगठा लावायचा. शेठजींनी त्याला बंडलं बांधायच्या कामावर घेतलं. आमच्याकडं बंडलाला साधा पांढरा दोरा असे. गणपतच्या घरी लुगड्याचा लाल रंग उरलेला होता, वाया जाऊन राह्यला म्हणून त्यानं त्यात दोरा बुडवला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी वडीगोद्रीला माल घेऊन गेलो. दुकानात एक म्हातारा आला. मला वाटलं, आता तो माझी पट्टी बघणार. तीन लिप्या, वर चंद्रकोर, दोन्ही बाजूंना वेल. म्हाताऱ्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला, बंडल उलटं केलं आणि दुकानदाराला म्हणाला, "ती लाल दोऱ्याची देऊन टाक."

त्याच्या मागून आलेल्यानंही लाल दोऱ्याचीच मागितली. दुपारपर्यंत आमच्या बिडीचं नावच लाल दोरा पडलं. नाव शेठजींनी ठेवलेलं होतं, मी तीन लिप्यांत लिहिलेलं होतं, आणि बारसं केलं गणपतनं!

* * *

मग शेठजींना चटकच लागली. लाल चालला तर पिवळा करून बघ, हिरवा करून बघ. गणपत रंगवत सुटला. तंबाखू मात्र एकाच ढिगातला, पानं एकाच पोत्यातली, वळणाऱ्या बायाही त्याच.

शहागडच्या बाजारात लोकांनी आठवडाभरात निकाल लावला. लाल कडक. पांढरी फिक्की. पिवळी खोकल्याला बरी. हिरवी कच्ची लागते, घशाला धरते.

माझं डोकं फिरलं. तिथले एक पाटील चार लोकांत बसून हेच सांगत होते. मी त्यांच्यासमोर दोन बंडलं घेतली, एक लाल, एक पांढरं. दोन्हींचे दोरे सोडले, लाल दोरा पांढऱ्याच्या बिड्यांना बांधला, पांढरा लालच्या बिड्यांना. म्हटलं, आता ओढा पाटील. पाटलांनी दोन्ही ओढल्या, डोळे मिटून, सावकाश. मग नव्यानं लाल झालेल्या बंडलाकडं बोट केलं. "ही कडक."

मी म्हटलं, पाटील, आत्ता तर हीच फिक्की होती. तुमच्यादेखत नुसता दोरा बदलला.

पाटलांनी माझी कीव केली. म्हणाले, "मंग? दोरा बदलल्यावर बिडी बदलंलच की."

चारही लोकांनी माना हलवल्या. मी गाडीत येऊन बसलो.

* * *

आता जे सांगतो ते मला शोभणारं नाही, पण सांगतो. मी गणपतला खड्ड्यात घालायचं ठरवलं.

त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बदनापूरला मोठी मागणी आहे, काळ्या दोऱ्याची. तिकडच्या लोकांना काळा फार आवडतो. खरं तर मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. काळा दोरा बघून गिऱ्हाईक तोंड फिरवील, माल परत येईल, शेठजी याला झापतील, एवढाच माझा हिशेब. गणपतनं शंकासुद्धा घेतली नाही. तीन दिवस खपून असा काळा काढला, की बघत राहावं.

बदनापूर स्टेशनावर गाडीवानांचा तळ असे. पहिल्याच गाडीवानानं बंडल सोडलं, बिडी कानावर ठेवली आणि तो काळा दोरा बैलाच्या शिंगाला बांधला. दृष्ट लागू नये म्हणून! एकानं बांधला म्हटल्यावर बाकीचे गप्प बसतात होय? ज्याला दोन बैल त्यानं दोन बंडलं घेतली. बिडी न ओढणाऱ्यांनी घेतली. एका बाईनं पाळण्याला बांधायला घेतली. संध्याकाळच्या आत माल खलास.

शेठजींनी सगळ्या कारखान्यासमोर गणपतची पाठ थोपटली. गणपत उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, मी बिलकुल हुशार न्हाई. काळ्याची अक्कल पेंटरची हाय. त्यांनीच सांगितल्तं."

टाळ्या मला पडल्या. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही.

* * *

घरी तरी सुटका असावी की नाही?

माझ्या मेव्हणीचं लग्न निघालं. बायकोला लुगडं घ्यायचं होतं. मी म्हटलं चल, मी पेंटर आहे, रंगात माझा जन्म गेला. ती म्हणाली, तुम्ही अक्षर बघा, रंग गणपतभावजींना बघू द्या. आणि खरोखर दुकानातनं तीन लुगडी मागवून त्याच्याकडं पाठवली! त्यानं मधलं काढलं. वांगी रंगाचं, काठ पिवळा. मी स्वतः कधी निवडलं नसतं.

लग्नात जी बाई भेटेल ती आधी लुगड्याचा पदर हातात घेई, मग बायकोची चौकशी करी. बायकोनं मला विचारलं, कसं दिसतंय. चांगलं दिसतंय म्हटलं. ते खरंच चांगलं दिसत होतं, हेच तर दुखणं होतं माझं.

* * *

पुढं नदीपलीकडच्या एका कारखान्यानं आपल्या बंडलांना लाल दोरा बांधायला सुरुवात केली. दोरा काय, कुणीही बुडवावा. शेठजी घाबरले. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं, की आता बंडलाला वेष्टन करायचं, हैदराबादहून रंगीत छापून आणायचं. दोघं एकेक नमुना द्या. शहागडच्या बाजारात ज्याचा चालेल, तो छापू.

मी दीड महिना दुसरं काही केलं नाही. मोर काढला, मोराच्या मागं आगगाडी काढली, तिच्या धुरात तिन्ही लिप्यांत नाव गुंफलं. सात रंग. मोराच्या गळ्याला निळा जमला, पण आगगाडीला हवा तसा लाल जमेना. शेवटी लाज सोडून गणपतकडूनच वाटीभर आणला. त्यानं कशाला हवा तेही विचारलं नाही. सगळ्यात शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत, नाव घातलं. दामू. तशीच शंभर वेष्टनं हातानं उतरवली.

गणपतनं काय दिलं? कागद. लाल. त्यावर एक ठिपकासुद्धा नाही.

शहागडला दोन ढीग मांडले. माझ्या ढिगापुढं ही गर्दी! लोक वाकून बघत होते, पोरांना खांद्यावर घेऊन आगगाडी दाखवत होते. एका आजीनं देवाशेजारी लावायला एक मोर मागून नेला. मला वाटलं, झालं, जिंकलो. आणि बघून झालं की जो तो सरकायचा पलीकडं आणि लाल बंडल उचलायचा.

शेवटी एकाचा मी हातच धरला. म्हटलं दादा, इतका वेळ बघितलंत, आवडलं नाही का?

"लई आवडलं," तो म्हणाला. "पर येवढं चांगलं फाडू कसं वाटंल? बिडी तर ओढायचीय."

* * *

लाल कागद ठरला.

मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी उठलो आणि तडक गणपतच्या घरी निघालो, भांडायला. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होतो. लाल रंग पोरंसुद्धा फासतात, त्यात तू काय केलंस, असं सुरू करायचं होतं.

तो घरात नव्हता. त्याच्या बायकोनं आत बसवलं, पाणी दिलं. आणि माझं लक्ष भिंतीवर गेलं.

मातीच्या भिंतीवर माझं वेष्टन खळीनं चिकटवलेलं होतं. त्याच्या खाली, शेजारी, पार कोपऱ्यापर्यंत, लाल रंगानं अक्षरं काढलेली. माझ्या वेष्टनावरची. काही उलटी, काही आडवी, काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. मोर कुठंच नव्हता, आगगाडी नव्हती. मी त्याच्या बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, रोज सकाळी कामावर जायच्या आधी हेच चाललेलं असतं. येत काहीच न्हाई, पण ऐकत न्हाईत.

आणि मग मला ते दिसलं. भिंतीवर सगळ्यात जास्त वेळा काय काढलं होतं? दामू. खालच्या कोपऱ्यातलं. वीस वेळा, तीस वेळा. पहिले वाकडे होते, शेवटचे चार-पाच बिनचूक. हैदराबादला न गेलेलं माझं नाव, गणपतच्या हातानं, गणपतच्या रंगात!

तेवढ्यात तो आला. भिंत मी बघितली म्हणून कानापर्यंत लाजला. मग म्हणाला, "पेंटर, तुमच्यासारखा हात माझा असता तर मी कारखान्यात कशाला बसलो असतो? मी जळतो तुमच्यावर. खोटं कशाला बोलू."

भांडायला ठरवलेलं मी सगळं विसरलो. तो भिंतीजवळ गेला, त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मोठी अक्षरं तर बिडीचं नाव. हे खालचं बारीक काय हाय? हे येकच मला बराबर जमलंय."

मी म्हटलं, "तुझं नाव आहे. गणपत. आगगाडीला रंग तुझा होता ना, म्हणून घातलं."

तो त्या अक्षरांकडं बघत राहिला. बायकोला हाक मारून त्यानं तिलाही दाखवलं.

"माझं नाव," तो म्हणाला. "तुमच्या लेबलावर." मग धोतराला हात पुसले आणि एक कोरा लाल कागद माझ्यापुढं सरकवला. "मंग माझ्या कागदावर दोघांचं छापू. शेठला मी सांगतो, त्ये न्हाई म्हणणार न्हाईत. माझं मला येतंय. तुमचं नाव लिहून द्या, जल्दी."

मी ब्रश घेतला आणि माझं नाव म्हणून त्याला लिहून दिलं. गणपत.

त्यानं कागद उजेडात धरला. अक्षरं बोटानं मोजली आणि त्याचा चेहरा जरा उतरला. "तुमचं चार अक्षरांचं," तो म्हणाला. "माझं दोनच."

मग थोडा विचार करून ठामपणे म्हणाला, "पर कागद माझा हाय. माझं नाव वर र्‍हाईल, तुमचं खाली."

मी म्हटलं, "राहू दे गणपत. तुझंच वर."